उबवणीच्या यंत्रांतील ओलावा तराजूनें ओळखावा

शेतीस जोडधंदा म्हणून ज्यांनीं कोंबड्या पाळिल्या आहेत, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरीं आतां खुडूक कोंबडीच्या जोडीला विजेवर चालणारें लहानसें उबवणी यंत्रही दिसूं लागलें आहे. उष्णमान राखण्याचें काम या यंत्रानें पुष्कळच सोपें केलें आहे. अंडीं फिरविण्याचें कामही कांहीं यंत्रें आपण होऊन करितात. परंतु एक गोष्ट अशी आहे कीं, ती यंत्रावर सोंपवून निश्चिंत बसतां येत नाहीं, आणि बहुतेक नुकसान तिच्यामुळेंच होतें. ती गोष्ट म्हणजे यंत्राच्या हवेंतील ओलावा. एकवीस दिवस वाट पाहावी, विजेचा व अंड्यांचा खर्च सोसावा, आणि अखेरीस पूर्ण वाढलेलें पिलूं कवचांतच मेलेलें आढळावें, यासारखी निराशा या धंद्यांत दुसरी नाहीं. ही निराशा मीं स्वतः भोगिली आहे, आणि एकदां तर दुसऱ्यासही भोगावयास लाविली आहे. म्हणून हा लेख.

माझी शेती सांगोला तालुक्यांत आहे. एका वर्षीं वैशाखांत मीं यंत्रांत ६० देशी अंडीं ठेविलीं. यंत्राबरोबर आलेल्या पत्रकांत, ‘पहिले अठरा दिवस पाण्याचा एक खण भरावा, शेवटचे तीन दिवस दोन्ही भरावे,’ एवढीच सूचना होती. ती मीं अक्षरशः पाळिली. सातव्या दिवशीं दिव्यावर धरून पाहतां ५२ अंड्यांत जीव धरलेला दिसला. एकविसाव्या दिवशीं निघालीं मात्र अवघीं १९ पिलें. बाकीच्यांपैकीं पुष्कळांनीं कवचाला भोंक पाडिलें होतें. पण आंतलें पातळ पापुद्र्यासारखें कातडें वाळून त्यांच्या अंगाला चिकटलें होतें, आणि त्यांस वळतांही येईना कीं बाहेरही पडतां येईना. त्याच सुमारास आईनें त्याच टोपलींतलीं १२ अंडीं परसांत एका खुडूक कोंबडीखालीं बसविलीं होतीं. त्यांतून १० पिलें निघालीं. म्हणजे दोष अंड्यांचा नव्हता.

ओलावा कमी पडला, हें मला कळलें. परंतु जें कळलें तें अर्धेंच होतें. पुढें आषाढांत राजापुराकडे माझ्या बहिणीच्या यजमानांनीं तसलेंच यंत्र घेतलें व दूरध्वनीवर माझा सल्ला विचारिला. मीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, “दाजी, पाण्याची कुचराई करूं नका. पहिल्या दिवसापासून दोन्ही खण भरलेले ठेवा.” त्यांनीं तसें केलें. त्यांच्या ४८ अंड्यांतून ७ पिलें निघालीं. बाकीचीं पुरी वाढ होऊन, कवचाला टोंचही न मारतां आंतच मेलीं. फोडून पाहतां कवचांत चिकट पाणी सांचलेलें होतें. दाजी कांहीं बोलले नाहींत. बहीण मात्र म्हणाली, “दादा, इथं आषाढांत भिंतींनाही पाझर फुटतो, आणि तूं आणखी पाणी घालायला सांगितलंस!” पहिलें नुकसान पत्रकाच्या भरंवशावर झालें, दुसरें माझ्या शब्दावर झालें. त्यानंतर हा विषय नीट समजून घेतल्यावांचून मला राहवेना.

अंड्यांतील पाणी कोठें जातें?

कोंबडीच्या अंड्याचें कवच दिसावयास अखंड दिसलें तरी त्यास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून प्राणवायु आंत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि त्याबरोबरच पाण्याची वाफही सतत बाहेर पडत असते. जितकें पाणी जातें तितकी जागा आंत रिकामी होते, व ती अंड्याच्या बोथट टोंकाशीं हवेच्या पोकळीच्या रूपानें दिसूं लागते. अंडें शिळें होऊं लागलें म्हणजे ही पोकळी वाढते, हें आपणांस ठाऊक आहेच. उबवणींत तीच क्रिया उष्णतेमुळें वेगानें होते.

ही पोकळी निरुपयोगी नाहीं. वाढत्या पिलाचा श्वास कवचाच्या आंतल्या बाजूस पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यामार्फत चालतो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीं पिलूं आपली चोंच या पोकळींत खुपसतें आणि तेथील हवेंत फुप्फुसांचा पहिला श्वास घेतें. त्यानंतर कवच फोडण्याचा उद्योग सुरू होतो. पाणी पुरेसें गेलें नसेल तर पोकळी लहान राहते, पिलूं फुगीर व जड होतें, त्यास वळावयास जागा उरत नाहीं, आणि पहिल्या श्वासाच्या वेळींच तें आंतल्या पाण्यांत गुदमरतें. उलट पाणी फार गेलें तर पिलूं लहान व अशक्त राहतें, आणि आंतलें कातडें चिवट होऊन त्यास आवळून धरतें. पहिला प्रकार राजापुरास झाला, दुसरा सांगोल्यास.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येईल. यंत्रांत पाणी ठेवितों तें अंडें ओलें राहावें म्हणून नव्हे, तर तें योग्य मापानें वाळावें म्हणून. अंड्यांतील पाणी जाणें हें नुकसान नसून पिलाच्या जन्माची ती पूर्वतयारी आहे. तें किती जावें एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञांनीं दिलेलें आहे. अमेरिकेंत बफेलो येथील विद्यापीठांत हर्मन राह्न, अमोस आर व चार्ल्स पॅगॅनेली यांनीं १९७० नंतरच्या दशकांत नाना जातींच्या पक्ष्यांच्या अंड्यांवर प्रयोग केले. अंडें लहान असो कीं मोठें, उबवणी थोड्या दिवसांची असो कीं लांबलचक, पिलूं निघेपर्यंत अंड्यांतून सरासरीनें मूळ वजनाच्या शेकडा १५ च्या सुमारास पाणी जातें, असें त्यांस आढळून आलें. कोंबडीच्या अंड्यापुरतें बोलावयाचें तर अठराव्या दिवसापर्यंत शेकडा ११ ते १३, म्हणजे मध्यम मानानें १२, इतकी तूट यावी, हें माप यंत्रानें अंडीं उबविणारे पाळीत आले आहेत.

एकच आंकडा सर्वत्र कां चालत नाहीं?

पुस्तकांतून सामान्यतः असें सांगितलेलें असतें कीं, पंख्याच्या यंत्रांत उष्णमान ३७.५ अंश सेंटिग्रेड, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट ठेवावें. पहिले अठरा दिवस हवेंतील आर्द्रता शेकडा ५० ते ६० आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ असावी. हे आंकडे बरोबर आहेत. परंतु ते साधण्यास पाणी किती ठेवावें हें गांव, ऋतु व खोली यांवर अवलंबून असतें, आणि पत्रकांत तें लिहितां येत नाहीं.

हवा जास्तींत जास्त जितकी वाफ धरूं शकते, तिच्या शेकडा किती भाग तिच्यांत प्रत्यक्ष आहे, हें आर्द्रतेचा आंकडा सांगतो. हवा तापली म्हणजे तिची वाफ धरण्याची शक्ति वाढते. म्हणून बाहेरची तीच हवा यंत्रांत शिरून तापली कीं तिचा आंकडा बदलतो. तीन उदाहरणें घेऊं.

देशावर वैशाखांतील दुपार आहे; बाहेर ४० अंश उष्णमान व शेकडा २० आर्द्रता आहे. ही हवा यंत्रांत आल्यावर तेथें शेकडा २३ च्या आसपास आर्द्रता होते. म्हणजे पाण्यानें निम्म्याहून अधिक कमतरता भरून काढावयाची असते.

आतां कोंकणांतील आषाढ घ्या. बाहेर २७ अंश व शेकडा ९० आर्द्रता. ही हवा ३७.५ अंशांपर्यंत तापली तरी तिच्यांत शेकडा ५० आर्द्रता उरते. यंत्रांत पाण्याचा थेंबही नसतांना अठरा दिवसांची गरज जवळजवळ पुरी झालेली असते. शिवाय अंड्यांतून निघणारी वाफ तींत भर घालते. तेथें दोन्ही खण भरविणें म्हणजे पिलें बुडविणेंच होय. मीं तेंच केलें.

तिसरें उदाहरण फसविणारें आहे. मार्गशीर्षांतील पहाट, १२ अंश उष्णमान, गवतावर दंव, हवेंत शेकडा ९० आर्द्रता. अशी हवा आपणांस ओली वाटते. परंतु थंड हवा मुळांतच वाफ थोडी धरते. ती यंत्रांत तापली कीं शेकडा सुमारें २० वर उतरते. म्हणजे दंवाच्या दिवसांतही यंत्राच्या दृष्टीनें हवा जवळजवळ वैशाखाइतकीच कोरडी असते. अंगाला काय वाटतें यावरून पाण्याचा अंदाज करूं नये तो यासाठीं.

अंड्याअंड्यांतही भेद असतो. उतारवयाच्या कोंबडीच्या अंड्याचें कवच पातळ असतें व त्यांतून पाणी लवकर जातें; जाड कवचाचें अंडें पाणी धरून ठेवितें. म्हणून आर्द्रतामापकाचा आंकडा बरोबर असूनही अंडें कमी किंवा अधिक वाळूं शकतें. अखेरचा निवाडा अंड्यासच विचारला पाहिजे, आणि अंड्याची भाषा तराजूस कळते.

तराजूची रीत

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा स्वयंपाकघरांतील साधा कांटा या कामास पुरतो. रीत अशी :

प्रथम रिकाम्या ताटाचें वजन करून लिहून ठेवावें. मग जवळजवळ सारख्या आकाराचीं अंडीं त्यांत मांडून पुन्हां वजन करावें व ताटाचें वजन वजा करावें. समजा, ३० देशी अंड्यांचें वजन १३५० ग्रॅम भरलें. शेकडा १२ प्रमाणें अठरा दिवसांची तूट १६२ ग्रॅम, म्हणजे दररोज ९ ग्रॅम झाली. तेव्हां सहाव्या दिवशीं १२९६, बाराव्या दिवशीं १२४२ आणि अठराव्या दिवशीं ११८८ ग्रॅम वजन भरलें पाहिजे. हे तीन आंकडे कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावे व त्या त्या दिवशीं वजन करून शेजारीं मांडावे.

वजन अपेक्षेहून कमी भरलें, तर अंडीं फार वाळत आहेत, पाणी वाढवावें. वजन अपेक्षेहून जास्त भरलें, तर पाणी कमी करावें किंवा अजिबात काढून घ्यावें. सहाव्या दिवशीं झालेली चूक पुढील बारा दिवसांत भरून काढतां येते. अठराव्या दिवशीं कळलेली चूक बहुधा भरून निघत नाहीं. म्हणून पहिलें वजन चुकवूं नये. सातव्या दिवशीं वांझ अंडीं काढून टाकल्यावर एकूण वजन अर्थात् बदलेल; त्यानंतर एका अंड्याचें सरासरी वजन काढून हिशेब करावा. वरील उदाहरणांत तें आरंभीं ४५ ग्रॅम, बाराव्या दिवशीं ४१.४ ग्रॅम व अठराव्या दिवशीं ३९.६ ग्रॅम असावें. दिव्यावर धरून हवेची पोकळी पाहणें ही जुनी रीत चांगलीच आहे, आणि तराजूच्या जोडीला ती ठेवावीच. परंतु नवशिक्याच्या डोळ्यास पोकळी लहान कीं मोठी हें ठरवितां येत नाहीं, तराजूस येतें.

ओलावा कमीजास्त कसा करावा?

पुष्कळांची समजूत असते कीं, खणांत पाणी खोल भरलें म्हणजे ओलावा वाढतो. तसें नाहीं. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून उठते. म्हणून पाणी किती खोल आहे याला महत्त्व नसून तें किती पसरलें आहे याला आहे. ओलावा वाढविण्यास रुंद, उथळ ताट ठेवावें, किंवा पाण्यांत एक टोंक बुडेल असें स्वच्छ कापड वा स्पंज ठेवावा. कमी करण्यास लहान तोंडाची वाटी पुरे. भर घालतांना पाणी कोमट असावें. गार पाण्यानें यंत्राचें उष्णमान उतरतें. ओलावा वाढावा म्हणून हवेचीं भोंकें बुजविण्याची युक्ति मात्र घातक आहे. पिलें जसजशीं वाढतात तसतशी त्यांस प्राणवायूची गरज वाढते.

आर्द्रतामापक असल्यास त्याची एकदां परीक्षा करावी. एका वाटींत साधें मीठ घेऊन तें पाण्यानें भिजेल पण विरघळणार नाहीं इतकें ओलें करावें. ती वाटी व मापक एका झांकणाच्या बरणींत रात्रभर ठेवावीं. सकाळीं मापकानें शेकडा ७५ दाखविलें पाहिजे. तो ६८ दाखवीत असेल तर तो सुमारें सात कमी सांगतो, असें समजून चालावें. ज्यांच्याकडे असा मापक नाहीं त्यांनीं तापमापकाच्या फुग्यावर सुती वात गुंडाळून तिचें दुसरें टोंक पाण्यांत सोडावें. पंख्याच्या यंत्रांत उष्णमान ३७.५ अंश असतांना ओल्या फुग्याचा पारा २८.५ वर असेल तर आर्द्रता सुमारें शेकडा ५०, ३०.५ वर असेल तर ६०, आणि ३२.५ वर असेल तर ७० समजावी. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें वात कडक होते व मापक खोटें सांगूं लागतो. म्हणून उर्ध्वपातित किंवा स्वच्छ धरून ठेविलेलें पावसाचें पाणी वापरावें व वात वरचेवर बदलावी.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशीं शेवटचें वजन करून अंडीं फिरविणें बंद करावें. आतांपर्यंत अंड्यास वाळूं द्यावयाचें होतें. येथून पुढें आंतलें कातडें मऊ राहावें म्हणून ओलावा शेकडा ६५ ते ७५ पर्यंत वाढवावा. पावसाळ्यांत कोंकणांतही या तीन दिवसांपुरतें पाणी ठेवावें लागतें. पहिल्या पिलानें कवचास भोंक पाडिल्यापासून यंत्राचें झांकण उघडूं नये. एक पिलूं बाहेर काढण्याच्या घाईनें झांकण उघडलें कीं सांचलेली वाफ क्षणांत निघून जाते, आणि ज्यांनीं नुकतें भोंक पाडिलें आहे त्यांचें कातडें वाळतें. भोंक पाडिल्यापासून बाहेर पडेपर्यंत पिलास बारा-पंधरा तास, कधीं त्याहूनही अधिक लागतात; तेवढा धीर धरावा. निघालेल्या पिलाच्या पोटांत बलकाचा अंश शिल्लक असतो. तें एक दिवस दाणापाण्यावांचून सहज राहतें.

न निघालेलीं अंडीं तशींच फेंकून न देतां फोडून पाहावीं. पिलूं लहान व कातडें वाळून चिकटलेलें असेल तर ओलावा कमी पडला. पिलूं फुगीर, ओलें, आणि पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त झाला. परंतु प्रत्येक मेल्या पिलाचा दोष ओलाव्यावर घालूं नये. उष्णमान चुकणें, वीज बराच वेळ जाणें, अंडीं न फिरविणें, आठ दिवसांहून जुनीं अंडीं ठेवणें, यांनींही असेंच नुकसान होतें. तापमापक विश्वासाचा आहे ना, हें आधीं पाहावें.

पुढें काय झालें?

पुढच्या वैशाखांत मीं पुन्हां ६० अंडीं ठेविलीं. त्यांचें वजन २७०० ग्रॅम होतें. सहाव्या दिवशीं १०८ ग्रॅम तूट हवी होती, ती १६५ भरली. तेव्हां लगेच पाण्याचें रुंद ताट ठेवून त्यांत कापड सोडिलें. अठराव्या दिवशीं तूट शेकडा १३ वर थांबली, आणि जीव धरलेल्या ५० अंड्यांतून ४१ पिलें निघालीं. राजापुरास दाजींनीं श्रावणांत यंत्र अठरा दिवस कोरडें ठेविलें. त्यांची तूट शेकडा ११ आली, व जीव धरलेल्या ४४ अंड्यांतून ३६ पिलें निघालीं. एकाच प्रकारचीं दोन यंत्रें. एकांत पाणी दुप्पट पसरावें लागलें, दुसऱ्यांत तें मुळींच नको होतें. पत्रक दोघांकडेही तेंच होतें.

आईची पद्धत मीं मागाहून विचारिली. वैशाखांत ती डालग्यांत गवताखालीं ओंजळभर ओली माती घालिते, आणि पावसाळ्यांत कोरड्या राखेवर गवत पसरून अंडीं मांडिते. कारण विचारलें तर म्हणाली, “उन्हाळ्यांत आणि पावसाळ्यांत सारखंच कसं करायचं?”

वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, पुढील वेळीं अंडीं ठेवितांना वजनाची नोंद करावी : गांव, महिना, पाण्याची व्यवस्था, सहाव्या, बाराव्या व अठराव्या दिवसाचें वजन, आणि निघालेलीं पिलें. अशा नोंदी या मासिकाकडे पाठविल्यास देशावरील व कोंकणांतील ऋतूऋतूंचें प्रमाण कालांतरानें सर्वांस मिळूं शकेल, आणि माझ्यासारख्या अर्धवट जाणत्याच्या सल्ल्यानें दुसऱ्याचें नुकसान होण्याचा प्रसंग टळेल.